हाताला येणारे मासे

डायव्हिंगच्या पहिल्याच धड्यात शिकवतात की पाण्याखाली एकट्यानं उतरायचं नाही. सोबत जोडीदार हवाच. इंग्रजीत त्याला बडी म्हणतात. उतरण्याआधी त्यानं तुमचे पट्टे ओढून बघायचे, तुम्ही त्याचे. तुमच्या सिलिंडरची चावी नीट उघडली आहे ना, हे त्यानं बघायचं, आणि त्याच्या सिलिंडरची तुम्ही. हा नियम मी इतका काटेकोर पाळला की त्या नियमापायीच माझ्या आजोळच्या देवीचे मासे मी स्वतःच्या हातानं चोराला दाखवले. राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

मी महाडात राहते, शाळेत विज्ञान शिकवते. महाडात राहून स्कूबा डायव्हिंग करते असं सांगितलं की लोक हसतात. "सावित्रीत उतरता काय, मगरींसोबत?" असं स्टाफरूममध्ये सगळ्यांनी एकेकदा विचारून झालंय. तुडीलच्या बाजूला मगरी काठावर ऊन खात पडलेल्या असतात, तिथं उतरायला मला वेड लागलेलं नाही. मी दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत मालवणला जाते. चौतिसाव्या वर्षी तिथं डायव्हिंग शिकले, आणि मग सुट्टीभर त्याच बोटीवर पर्यटकांना मास्क घालून देणं, कान दुखले तर काय करायचं ते सांगणं, श्वास रोखू नका म्हणून शंभरदा बजावणं, अशी कामं करू लागले.

त्या बोटीवर माझं एकाच गोष्टीवरून भांडण व्हायचं. पर्यटकांच्या फोटोत मासे यावेत म्हणून काही जण बाटलीत पाव कुस्करून खाली नेत. बाटली दाबली की माशांचा घोळका जमे आणि पर्यटक खूश. मी त्यांना सांगायची, "मासा एकदा हाताला सरावला की त्याला खाऊ घालणारा हात आणि मारणारा हात ओळखता येत नाही." ते म्हणायचे, बाईंनी इथंही शाळा भरवली. त्यांचं म्हणणं मी मनावर घ्यायची नाही. माझं म्हणणं मी स्वतः मनावर घ्यायला हवं होतं.

तो मला तिथंच भेटला. पोलादपूरचा. त्याचा फोटो स्टुडिओ होता, लग्नाच्या ऑर्डरी घ्यायचा, आणि पाण्याखालचे फोटो काढायचे या हौसेपायी डायव्हिंग शिकायला आला होता. मालवणच्या धक्क्यावर आपल्या तालुक्याशेजारचा माणूस भेटल्याचा मला केवढा आनंद झाला होता! "मॅडम, कशेडी उतरलं की सगळं आपलंच," तो म्हणाला. तेव्हापासून आम्ही एकाच गाडीनं जायचो, एकाच गाडीनं यायचो. कशेडी घाटात दरड आली आणि ट्रकांच्या रांगेत चार तास अडकलो, तरी माशांबद्दल बोलण्यात वेळ कळायचा नाही.

एकदा पंधरा मीटर खाली माझी हवेची नळी फुटली. डोळ्यांपुढे नुसते बुडबुडे. तो दोन हातांवर होता. त्यानं त्याची जादाची नळी माझ्या तोंडात दिली, माझा खांद्याचा पट्टा घट्ट धरला आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिला. मला वर पळायचं होतं. त्यानं पळू दिलं नाही. सावकाश वर आणलं, नियमाप्रमाणे पाच मीटरवर तीन मिनिटं थांबवलं, बोटांनी मिनिटं मोजून दाखवली. त्या दिवसानंतर या माणसाबद्दल मी कधी काही तपासलं नाही. पट्टे तेवढे तपासत राहिले.

आता आजोळाबद्दल. वरंधच्या वाटेला आत एक वाडी आहे, पंधरा-वीस घरांची. वाडीखाली नदीचा खोल डोह आहे, आमच्याकडे त्याला कोंड म्हणतात. काठावर देवीचं लहानसं देऊळ, आणि कोंडात देवीचे मासे. मोठाल्या खवल्यांचे, हातभर लांबीचे खडस. बाहेरचे लोक त्यांना महसीर म्हणतात. हे मासे कोणी धरत नाही, खात नाही, कोंडात कोणी पायसुद्धा घालत नाही. रोज एका घराची पाळी असते. त्या घरच्या माणसानं सकाळी शेंदूर लावलेल्या कातळावर बसून कुरमुरे टाकायचे. लहानपणी सुट्टीत मी मामाच्या पाळीची वाट बघायची. कुरमुऱ्यांचा हात पाण्यात धरला की मासे तळव्याला तोंड लावत. त्यांतल्या सगळ्यांत मोठीला वाडीत थोरली म्हणत, आणि म्हाताऱ्या सांगत की देवीनं तिच्या नाकात नथ घातलीय. ऊन पडलं की खरंच काहीतरी चकाकायचं.

एका पावसाळ्यात मोठा पूर आला आणि वरच्या अंगाचं सगळं वाहून कोंडात अडकलं. नायलॉनचं जाळं, पत्रे, प्लास्टिक. पाणी निवळल्यावर दर दोन-चार दिवसांनी एखादा मासा जाळ्यात गुरफटून मेलेला वर यायला लागला. मामा मला आणायला महाडला आला.

"तू समिंद्रात जातेस ना गो? मंग हिकडं का नाय?"

"कोंडात पाय घालायचा नाही ना, मामा."

"देवीला इचारू. पर तू जाशील ना?"

मी म्हटलं, जाईन, पण एकटी नाही. सोबत बडी लागेल. मामानं विचारलं, "बडी म्हंजी कोण?" मी सांगितलं, "पाण्याखाली ज्याच्या हातात आपला जीव असतो तो." मामानं मान हलवली. "मंग तो घरचाच झाला."

मी पोलादपूरच्या माझ्या त्या जोडीदाराला बोलावून घेतलं आणि देवळात कौल लावला. देवीच्या उजव्या-डाव्या अंगाला भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारून वाट बघतात. उजवी पडली तर होय. माझ्या नावानं लावला तेव्हा उजवी पाकळी लगेच पडली. त्याच्या नावानं लावला तेव्हा डावी पडली. पुन्हा लावला, पुन्हा डावी. मी शास्त्र शिकवणारी बाई. पाकळी कुठली जास्त भिजली आहे यावर कौल ठरतो, असं माझं मत. वर मला सुरक्षेचा नियम पाठ. मी म्हटलं, मामा, एकटीनं उतरणं म्हणजे आत्महत्या आहे. तेव्हा मामानं तिसऱ्यांदा पाकळी लावली आणि हात जोडून म्हणाला, "आई, माझ्या भाचीचा शबुद हाय. घाणीबिगर कायबी भाईर येनार नाय. तिचा मानूस तो माझा मानूस." उजवी पडली. सगळ्या वाडीनं सुटकेचा निःश्वास टाकला. तोही पाया पडला, अनवाणी, डोकं टेकून.

पहिल्या दिवशी मासे आमच्या बुडबुड्यांना घाबरून कपारीत घुसले, नेमके जाळ्यामागे. जाळं ओढलं तर तेच चिरडले असते. मी रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी कणकेचे गोळे घेऊन खाली गेले. सुरीच्या मुठीनं सिलिंडरवर तीनदा टकटक करायची आणि गोळा पुढं धरायचा. पहिला मासा अर्ध्या तासानं आला. चौथ्या दिवशी टकटक झाली की सगळा कळप माझ्याभोवती. मालवणात ज्यावरून मी भांडत होते, तेच मी इथं केलं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. हे देवीचे मासे होते ना! त्यांना कोण हात लावणार? लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

थोरली अगदी शेवटी आली. हातभर अंतरावर थांबली तेव्हा मला तिची नथ दिसली. गंजका गळ होता तो, ओठात रुतलेला. कधीतरी कोणीतरी देवीची पर्वा न करता टाकलेला. मी पक्कड आणली. एका हातात कणीक, दुसऱ्यात पक्कड. तिनं काढू दिला. ओठ थोडा फाटला, थोडं रक्त आलं, ती मागं सरकली आणि परत आली. तो कॅमेरा घेऊन शेजारीच होता. वर आल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी शपथेवर सांगेन. गळ मी मामाच्या हातात दिला. मामानं तो बराच वेळ बघितला आणि देवीच्या मागच्या कोनाड्यात ठेवला. "बायांना नको सांगू," एवढंच म्हणाला.

नऊ दिवसांत कोंड साफ झाला. शेवटच्या दिवशी वाडीनं आम्हाला तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं जेवायला घातलं. मामानं त्याला जाताना श्रीफळ दिलं. त्यानं काढलेला थोरलीचा एक फोटो फ्रेम करून देवळात लागला. बाकीचे फोटो कुणाला दाखवणार नाही, असं तो आपणहून म्हणाला होता. पाण्यात पायांना लावायचे माझे जुने पिवळे फिन्स मी त्यालाच ठेवायला दिले, कारण एका फिनचा पट्टा तो दुरुस्त करणार होता. त्यावर माझी खूण होती, नेलपॉलिशची लाल टिकली.

पुढच्या वैशाखात वाडीतल्या एका मुलीचं लग्न महाडच्या हॉलमध्ये लागलं. फोटोची ऑर्डर अर्थात त्यालाच, तो घरचाच झाला होता ना. दोन टेम्पो करून सगळी वाडी लग्नाला आली. म्हातारी माणसंसुद्धा मागं राहिली नाहीत. हॉलवर बघते तर फोटोला भलताच माणूस. म्हणाला, सरांना ताप आलाय, मला पाठवलं. मला काळजी वाटली. मी त्याला फोन लावला, दोनदा, तीनदा. नॉट रीचेबल. अंगात फार ताप असेल, फोन बंद करून झोपला असेल, असं मी आईला म्हटलं. त्याच्यासाठी दोन बुंदीचे लाडू कागदात बांधून पर्समध्ये टाकले. नेटवर्क त्याला मिळत नव्हतं हे खरंच होतं. कोंडापाशी नेटवर्क नसतंच.

दोन दिवसांनी मालवणहून बोटीवाल्याचा फोन आला. "बाई, एक फोटो फिरतोय. हे तुमच्याकडलं काय?" त्यानं फोटो पाठवला. काळे सूट घातलेले दोन अनोळखी पुरुष, एकाच्या हातात पाण्याखालची भाल्याची बंदूक, दोघांच्या मध्ये आडवे धरलेले तीन मोठे खडस. मागं शेंदूर लावलेला कातळ. एकाच्या पायात माझे पिवळे फिन्स, लाल टिकलीसकट. फोटो काढणारा फोटोत नव्हता. पण प्रकाश कुठून घ्यायचा याची त्याची एक पद्धत होती, ती मला पाठ होती.

मी आधी ओठ बघितले. तिन्हींचे. फाटका कुणाचाच नव्हता. याचा मला आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली.

या वेळी त्यानं फोन उचलला.

"मॅडम, पाहुणे होते. मोठी माणसं आहेत. मला मालदीवला डायव्हिंग सेंटरवर लावून देणार आहेत. तीनच घेतले, कोंडात दीडशे असतील."

"देवीसमोर डोकं टेकलं होतंस."

"अहो, मासेच आहेत ते. तुम्ही मालवणला सुरमई खात नाही काय?"

"आले कसे ते जवळ?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं, तरी विचारलं.

"टकटक केली," तो म्हणाला.

केसानं गळा कापणं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या दोन शब्दांत कळलं. त्या माशांना माणसं ओळखता येत नव्हती. त्यांना बुडबुडे, काळा सूट आणि टकटक एवढंच ठाऊक होतं. त्यांना वाटलं असेल, मीच आलेय. मी फोन ठेवला. तो विचार करत असेल, बाईंना माझ्यामुळं जीव परत मिळाला, त्याचं काही नाही. आहे ना. रोज आठवतं. म्हणूनच जास्त जळतं. त्यानं तेव्हा हवा दिली नसती तर निदान मामाचा शब्द तरी राहिला असता, इथपर्यंत मी विचार केलाय.

मी त्याच दिवशी वाडीत गेले. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मामाला मीच सांगायला हवं होतं. मामा कातळावर बसला होता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याला तिथं खवले सापडले होते, तळहातावर ठेवले तर निम्मा तळवा झाकतील एवढे. ते त्यानं टोपीत घालून ठेवले होते आणि कुणाला दाखवले नव्हते. मी फोन पुढं केला. त्यानं फोटो बघितला, पिवळ्या फिन्सवर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. हे माझेच, हे त्याला ठाऊक होतं, त्यानंच ते नऊ दिवस धुऊन वाळत घातले होते. तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी देवळात सगळे जमले. तक्रार करायची ठरलं, पुढं ती झालीही, कागद झाले, खवले पुडीत बांधून नेले. पण त्या संध्याकाळी माझ्याकडं कुणी धड बघत नव्हतं. ज्या मामीनं लहानपणी मला भरवलं, ती म्हणाली, "देवीनं दोनदा नाय म्हटला व्हता गो. तू आयकलास नाय." मला सांगावंसं वाटलं की पाकळी आणि माणसाची नियत यांचा संबंध नसतो. पण मी कुठल्या तोंडानं सांगणार? मी माणूस पारखला होता पट्टे आणि नळ्या तपासून, आणि देवीनं पाकळीवर. तिचं बरोबर आलं. विश्वास पानिपतात गेला, असं एक म्हातारे कुजबुजले, ते मी ऐकलं.

सगळे गेल्यावर मामा म्हणाला, "फोटू फिरला. आता कोनबी येल. मासं तर कोनाच्या बी हाताला जात्यात. तू शिकिवलंस, आता तूच मोड."

"म्हणजे काय करू?"

"त्यांना भ्यायला शिकीव."

कुरमुऱ्यांची पाळीही थांबवायची, असं त्यानं ठरवलं. वाडीत कित्येक पिढ्यांत असं झालं नव्हतं. बायकांनी विरोध केला, एक-दोघी रडल्या. मामा हलला नाही.

मी मालवणहून सिलिंडर आणले. पोलादपूर स्टँडवर एसटी दहा मिनिटं थांबली, मी खिडकीचा पडदा ओढून बसले. या वेळी बडी नव्हता. बोटीवरचा कोणीतरी आला असता, विचारलं असतं तर. मी विचारलं नाही. मला कुणाचा पट्टा ओढून बघायचा नव्हता आणि माझा कुणाला ओढू द्यायचा नव्हता. मामा कातळावर दोरी धरून बसला, दोरीचं दुसरं टोक माझ्या कमरेला. ज्यावरून मी कौल उलटा फिरवला तो नियम मी मोडला आणि एकटी उतरले. हातात बांबूची काठी.

टकटक केली. आले. भाला खाऊन तीन गेले होते, तरी बाकीचे आले. मी पहिल्या माशाच्या पाठीवर काठी हाणली. तो उसळला, पण लांब जाऊन थांबला आणि वळून माझ्याकडं बघत राहिला. त्याला वाटलं असावं, चूक झाली असेल. पुन्हा टकटक, पुन्हा काठी. पाण्यात काठी जोरात बसत नाही, म्हणून टोचावं लागतं. हे तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी टकटक झाली की कळप कपारीत पळायचा. वर आल्यावर मी मामाला सांगितलं, उद्या अखेरचं बघते.

चौथ्या दिवशी मी टकटक केली आणि थांबले. कोणी आलं नाही. मी परत फिरणार, तेवढ्यात कपारीतून थोरली आली. तिच्या खांद्याशी खोल जखम होती, कडा पांढऱ्या पडलेल्या. भाला तिलाही लागला होता, ती सुटली होती. तरीही ती आली. हातभर अंतरावर थांबली, फाटका ओठ उघडमीट करत, मी कणीक देईन म्हणून. माझा हात रिकामा होता. मी तिच्या जखमेच्या बाजूला मारणार नव्हते. दुसऱ्या बाजूला, डोळ्याच्या मागं, जेवढा जोर होता तेवढ्यानं काठी टोचली.

ती गेली. किती वेगानं गेली, ते मला दिसलं नाही, मास्कमध्ये धुकं झालं होतं. मी दोरीला दोन हिसके दिले, मामानं ओढलं.

पाचव्या दिवशी सकाळी मामानं मूठभर कुरमुरे आणले. म्हणाला, एकदाच बघू. त्यानं ते कातळावरून पाण्यात टाकले आणि सवयीनं हात पाण्यात धरला. आम्ही दोघं बसून राहिलो. कुरमुरे भिजले, फिरत फिरत कोंडाच्या तोंडाशी गेले आणि प्रवाहाला लागले. पाणी हललं नाही.

मामानं हात बाहेर काढला, धोतराला पुसला.

"बरं शिकिवलंस, बाय," तो म्हणाला, आणि माझ्याकडं न बघता चढण चढायला लागला.